आई-वडील तैवानला आल्यावर त्यांचा रोजचा दिवस कसा लावायचा

लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची बरीच पोरं-पोरी सध्या तैवानमधे आहेत, कोणी शिन्चूच्या सायन्स पार्कात नोकरीला, कोणी त्सिंग हुआ युनिव्हर्सिटीत पीएचडी करायलेत, आणि एकदा का तिकडं बस्तान बसलं की घरून आई-वडील यायचं ठरतंच. मग प्रत्येकजण विचारतो की काय काय दाखवू. माझं म्हणणं असं की दाखवायचं नंतर बघू, आधी सोमवार ते शुक्रवार त्यांचा दिवस कसा जाणार ते ठरवा. तैपेई १०१ एका संध्याकाळी बघून होतं, पण तुम्ही सकाळी नऊला गेलात आणि रात्री आठला आलात तर मधे आईनं त्या बंद फ्लॅटमधे काय करायचं? आयुष्यभर ज्यांच्या दारात दिवसभर चार माणसं येणारी-जाणारी, त्यांना चार दिवस झाले की सुरू होतंय, "तिकीट आलीकडं घेता येतंय का बघ की."

त्याला माझ्या अनुभवात एकच औषध आहे, दोघांनाही घरातलं एकेक काम खरंखुरं सोपवून द्या. "तू बस, मी करते" असं प्रेमानं म्हणत राहिलं की माणूस पाहुणा होऊन बसतो आणि अवघडतो. आमच्याकडं आईकडं बाजार आणि कचरा होता, अण्णांकडं पावत्या आणि कार्डाचा हिशोब, ते कसं ते पुढं सांगतेच.

पण आधी कधी बोलवायचं ते. शेतीवाल्या घरात तसंही सुगीच्या वेळेला कोणी हलत नाही, मग सोयाबीन निघून हरभरा पेरून झाला की नोव्हेंबरात या म्हणावं, नाहीतर मार्च-एप्रिल. मे-जूनला तिकडं झड लागते, जुलै ते सप्टेंबर वादळाचे महिने आणि ऊन आपल्यासारखं कोरडं नाही, ३५ डिग्रीलाच अंग चिकचिक होतंय, आपल्याकडं ४२ सोसणारा माणूससुद्धा तिथं हैराण होतो. जानेवारीतला गारठाही फसवा आहे, आकडा १३-१४ चा दिसतो पण हवा ओली आणि घरात हीटर नसतो, त्यात शिन्चूचा वारा म्हणजे विचारू नका, गावाची ओळखच वाऱ्याचं शहर अशी आहे. मफलर, कानटोपी, पायमोजे आणायला सांगा. चिनी नववर्षाच्या आठवड्यात पहिल्यांदाच बोलवू नका, दुकानं बंद असतात आणि रेल्वेत जागा मिळत नाही.

व्हिसा आधी काढावा लागतो, तुमचं निमंत्रण पत्र, रेसिडेन्स कार्डाची कॉपी, बँकेचे कागद लागतात. तैवानचं ऑफिस दिल्ली आणि चेन्नईला आधीपासून आहे, मुंबईतलं २०२४ ला सुरू झालं, तर आपला अर्ज कुठं जातो ते आधी विचारून घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, कारण तिकडची सरकारी आरोग्य विमा योजना टुरिस्टला लागू नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्तीच्या, सोबत डॉक्टरची चिठ्ठी ज्यावर औषधाचं मूळ नाव आहे, नुसतं कंपनीचं नाव असलेली नको.

बॅग भरताना फोनवर समोर बसून भरून घ्या. मांसाचा कुठलाही पदार्थ नको, सुकटसुद्धा विचारल्याशिवाय नको. डुकराच्या मांसाचं काही सापडलं तर पहिल्याच वेळी दंड २ लाख तैवानी डॉलरचा, पुन्हा सापडलं तर १० लाखांपर्यंत जातो, त्यामुळं विमानात मिळालेलं सँडविचसुद्धा उतरताना पिशवीत ठेवायचं नाही हे सांगून ठेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बी-बियाणं, तुळशीचं रोप हे सगळं बंद. भाजलेले शेंगदाणे किलोच्या आत. बाकी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, हे सगळं सीलबंद करून आणा. चहापत्ती आवर्जून आणा, आलं तिकडं भरपूर मिळतं, दूध मिळतं, पण आपल्यासारखी चहापत्ती शोधत बसावी लागते.

आल्यावर पहिले दोन-तीन दिवस सुट्टी घ्या आणि कुठंही लांब जाऊ नका. घरापासून पाचशे मीटरचा भाग त्यांच्या पायाखालून घालवा, एवढंच काम. कोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन किंवा फॅमिली मार्टचं दुकान, पार्क, बाजार, बस स्टॉप, परत घर. एका जाड कागदावर घराचा पत्ता चिनी अक्षरात, तुमचा नंबर आणि बिल्डिंगचा फोटो, लॅमिनेट करून दोघांच्या खिशात. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही, आणि तिकडचं कोणीही माणूस तो कागद बघून घरापर्यंत सोडायला येतं, इतके लोक चांगले आहेत.

सगळ्यात जपून शिकवायची गोष्ट रस्ता ओलांडायची. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे आपण रस्त्यात पाय टाकताना जवळची गाडी डावीकडून येते, आणि आपल्या लोकांची मान सवयीनं उजवीकडं वळते. चार दिवस हात धरून तोंडानं म्हणत ओलांडा, आधी डावीकडं, मग उजवीकडं. सिग्नलवरचा हिरवा माणूस चालत असतो आणि वेळ संपत आली की पळायला लागतो, तो पळायला लागला की निघायचं नाही, थांबायचं. हिरव्या सिग्नललासुद्धा वळणाऱ्या स्कूटरी अंगावर येतात, ते वेगळं बघायचं.

ईझीकार्ड प्रत्येकाला स्वतःचं घेऊन द्या, शंभर तैवानी डॉलरला कोरं कार्ड मिळतं, मग त्यात पैसे भरायचे. बस, मेट्रो, लोकल रेल्वे, सेव्हन-इलेव्हन सगळीकडं तेच टेकवायचं. अण्णांना मी कार्ड दिलं आणि त्यात किती उरले ते रोज वहीत लिहायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. एका तैवानी डॉलरचे पावणेतीन-तीन रुपये होतात, वडीलधारी माणसं प्रत्येक गोष्टीला गुणाकार करतात आणि मग चहा पण नको म्हणतात, तेव्हा कार्डात एकदाच पैसे भरून द्या आणि हे तुमचेच आहेत, संपवायचेत असं सांगा, गुणाकार आपोआप कमी होतो. मेट्रोत एक नियम कडक आहे, आत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, दंड १५०० डॉलरपासून पुढं. तंबाखू-सुपारीवाल्यांना हे निघायच्या आधीच सांगा. सुपारीची दुकानं तिकडंही रस्त्याकडेला लाईट लावून असतात, कोवळी हिरवी सुपारी, चुना, विड्याचं पान, बघून आपल्या माणसाला एकदम गावाकडचं वाटतं, पण रस्त्यावर थुंकलं की दंड.

आता सकाळ. पार्कात सहा-साडेसहाला म्हाताऱ्या माणसांची गर्दी असते, कोणी ताई-ची करतं, कोणी रेडिओ लावून हातवारे करतं, कोणी पंखा घेऊन नाचतं. आई-वडिलांना तिथं मागच्या ओळीत उभं करा, कोणी काही विचारत नाही. रोज तीच वेळ आणि तीच जागा धरायची, बदलायची नाही, कारण ओळख बोलून होणार नाहीये, रोज दिसून होणार आहे. "ज़ाओ" म्हणजे सकाळचा रामराम आणि "श्ये श्ये" म्हणजे आभार, हे दोन शब्द पुरतात. आठवडाभरात एक आजी आईला हाताला धरून पुढच्या ओळीत घेऊन गेल्या, नंतर कोणीतरी पेरू आणून दिला. आईनं दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू नेले. भाषा नव्हती पण देणं-घेणं सुरू झालं की आपल्या बायकांना अजून काय लागतंय.

पार्कावरून थेट बाजार. सुपरमार्केटात नेऊ नका, तिथं सगळं प्लॅस्टिकात बांधलेलं असतं आणि बोलायला कोणी नसतं. सकाळचा जुना बाजार शोधा, प्रत्येक वस्तीत असतो आणि दुपारपर्यंत उठतो. भाव जिनवर सांगतात, एक जिन म्हणजे ६०० ग्रॅम, हे कळलं की आई हिशोब बरोबर लावते. "दुओ शाओ च्येन" म्हणजे कितीला, उत्तर बोटांवर नाहीतर कॅल्क्युलेटरवर मिळतं. भेंडी, घोसाळं, माठ, लांब वांगी, कोथिंबीर सगळं दिसतं, कारलं पांढरं असतंय आणि जरा कमी कडू. मेथीची आशा ठेवू नका. रताळ्याच्या पाल्याची भाजी तिकडं घरोघर खातात, आपल्याकडं तो वेल जनावराला टाकतात. आईनं जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली, देठ मोडून वास घेतला, म्हणाली, "आसंय तर लसूण-मिरची टाकून बघू," आणि त्यानंतर ती भाजी आठवड्यातून दोनदा होऊ लागली. असलं काहीतरी त्यांचं त्यांना सापडू द्या, तुम्ही मधे मधे सांगत बसू नका.

सीताफळाचा हंगाम असला तर नक्की आणा, ताइतुंगकडचं सीताफळ पेरूएवढं नसतं, चांगलं दोन्ही हातात मावेल एवढं असतं. बीड-धारूरच्या माणसाला तिथं बराच वेळ बोलायला विषय मिळतो.

शाकाहाराची काळजी लोक उगाच करतात. तैवानमधे बौद्ध आणि ताओ पंथाचे कितीतरी लोक शाकाहारी आहेत, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तर इतरही बरेच जण मांस सोडतात. शाकाहारी खानावळीच्या पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिकासारखं चिन्ह असतं, आत ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे. तिथलं पक्कं शाकाहारी जेवण म्हणजे कांदा-लसूण पण नाही, त्यामुळं चातुर्मास पाळणाऱ्या आईला उलट इथल्यापेक्षा सोपं जातं. पाकिटावर अंडं आहे का, दूध आहे का, कांदा-लसूण आहे का अशा पाच प्रकारांत शाकाहारी खूण छापायचा कायदाच आहे, फोनचा कॅमेरा धरून ट्रान्सलेट करायला शिकवा. "वो छ सू" म्हणजे मी शाकाहारी खाते, हे वाक्य कार्डाच्या मागं लिहून ठेवा. फक्त पातळ भाज्या आणि सूपमधे हाडाचं पाणी असू शकतं, साध्या दुकानात ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

एकादशीला तर फॅमिली मार्टमधे काउंटरजवळ गरम भाजलेली रताळी ठेवलेली असतात, सालासकट, आतून मधासारखी पिवळी. पांडुरंगाचं नाव घेऊन खायची. वर केळी, पेरू, दूध. बोबा चहातले काळे गोळे पण टॅपिओकाचे, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचेच. शुगर असेल तर चहा घेताना बिनसाखरेचा आणि बिनबर्फाचा सांगता येतो, प्रत्येक दुकानात विचारतातच. कोमट पाण्याचीही काळजी नको, स्टेशन, हॉस्पिटल, लायब्ररी सगळीकडं गरम-कोमट-गार असे तीन नळ असलेली मशिनं असतात, बाटली सोबत ठेवायची. सार्वजनिक संडास स्वच्छ असतात आणि खाली बसायचे आपल्यासारखे पण असतात, गुडघे चालत असतील तोवर आई-वडलांना तेच बरं वाटतं.

संध्याकाळचं काम कचऱ्याचं. तिकडं घंटागाडी बीथोव्हनची धून वाजवत येते आणि कचरा रस्त्यात ठेवून जायचा नाही, गाडी आली की स्वतःच्या हातानं टाकायचा. सुकं वेगळं, बाटल्या-कागद वेगळे, भाजीचे देठ-साली वेगळ्या, शिजलेलं उरलेलं वेगळं. तैपेईत तर पालिकेच्या ठराविक विकतच्या पिशव्याच लागतात. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी अख्खी गल्ली खाली उतरलेली असते, आजी-आजोबा, कामाला ठेवलेल्या इंडोनेशियन बाया, पोरं, कुत्री. हे काम आईला द्या असं मी मुद्दाम म्हणते कारण गल्लीतली माणसं रोज एकत्र भेटायची तेवढी एकच वेळ असते. सोसायटीत कचऱ्याची खोली असेल तर हे होत नाही, मग बाजारावर जोर द्या.

अण्णांच्या पावत्यांचं सांगते. तैवानमधे कुठलीही पक्की पावती म्हणजे सरकारी लॉटरीचं तिकीट असतं, १९५१ पासून आहे हे, दुकानदारानं पावती द्यावी आणि टॅक्स बुडू नये म्हणून काढलेली युक्ती. पावतीवर आठ आकडी नंबर असतो, दर विषम महिन्याच्या २५ तारखेला आधीच्या दोन महिन्यांचा निकाल लागतो, शेवटचे तीन आकडे जुळले तर २०० डॉलर आणि सगळ्यात वरचं बक्षीस १ कोटी डॉलरचं. तुमच्या मोबाईलवर पावती जाते तेवढं त्यांच्या मुक्कामापुरतं बंद करा आणि कागदी घ्या. चपटा डबा, रबर, चष्मा आणि पेन एवढं द्या. अण्णा महिन्याप्रमाणं गठ्ठे करायचे, शेवटचे तीन आकडे पेननं गोल करून ठेवायचे, निकालाच्या दिवशी मी नंबर वाचायचे आणि ते एकेक पावती बाजूला टाकायचे. दोनशे लागले की सेव्हन-इलेव्हनमधे जाऊन तिथंच त्याचे पैसे घ्यायचे. बोलायला काही नसलेल्या बाप-लेकीची संध्याकाळ यात छान जाते.

आता एक गोष्ट अशी आहे जी लातूर-धाराशिवच्या घरांसाठी मी अगदी कळकळीनं सांगते. तैवानमधे भूकंप होतात, लहान-लहान तर सारखेच. आणि आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट बघितलेली आहे, गणपती विसर्जनाची रात्र, किल्लारी, सास्तूर, ढिगाऱ्यातली माणसं. जवळपास दहा हजार जीव गेले. ज्यांचं कोणी गेलं नाही तेसुद्धा महिनोन् महिने अंगणात झोपलेत. अशा माणसाला नवव्या मजल्यावर रात्री पलंग हललेला जाणवला आणि सगळे फोन एकदम कर्कश वाजायला लागले तर काय होईल, विचार करा. त्यामुळं हा विषय ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात, दिवसा, चहा पिताना काढा. आपलं घर का पडलं होतं ते तेच तुम्हाला सांगतील, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं, हललं की सगळं आत. मग त्यांना सांगा की तैवानमधे पण २१ सप्टेंबर १९९९ ला मोठा भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली, त्यानंतर बांधकामाचे नियम कडक केले, नवी इमारत हलते ती हलण्यासाठीच बांधलेली असते, आवाज करते, दिवे झुलतात, पण उभी राहते. ३ एप्रिल २०२४ ला हुआलिएनला सातच्या वरचा धक्का बसला, त्यात जीवितहानी झाली पण किल्लारीच्या मानानं फार फार कमी.

मग करून दाखवा. जेवायच्या टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरायचा, थांबेपर्यंत तिथंच. आपल्या लोकांचा हात पहिल्यांदा दाराच्या कडीकडं जातो, बाहेर पळायचं अंगातच बसलेलं आहे, तर पळायचं नाही, जिना नाही, लिफ्ट तर अजिबात नाही, हे दोन-तीनदा बोलून घ्या. गुडघ्यामुळं खाली जाता येत नसेल तर कपाट आणि काचेपासून लांब, उशी डोक्यावर धरून पलंगावरच. पलंगापाशी चप्पल आणि टॉर्च ठेवा. थांबल्यावर गॅस बंद. फोनचा इशारा कधी आधी येतो, कधी हलायला लागल्यावर येतो, त्याची वाट बघायची नाही. ऑफिसमधून तुम्ही लगेच फोन कराल, लागला नाही तर मेसेज कराल, हे ठरवून ठेवा आणि पाळा. आणि गावाकडं आधी तुम्हीच कळवा की सगळे ठीक आहेत, नाहीतर टीव्हीवर बघून भाऊबंदांचे फोन सुरू होतात आणि आई पुन्हा घाबरते. अँब्युलन्सचा नंबर ११९, पोलीस ११०, फ्रिजवर मोठ्या आकड्यात.

रविवारी एकच जागा. शिन्चूत असाल तर चेंगहुआंग मंदिर, ज्याच्या भोवतीच खाण्याच्या टपऱ्या आहेत, नाहीतर नानलिआओचा समुद्र. तैपेईला हाय-स्पीड रेल्वेनं साधारण अर्ध्या तासात, एकदा त्या गाडीत खिडकीशी बसवाच, ताशी ३०० किलोमीटरला पण खिडकीतली बाटली हलत नाही. लुंगशान मंदिर १७३८ चं आहे, तिथं लोक लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे टाकून देवाला कौल लावतात, एक पालथा आणि एक उताणा पडला की देवाचा होकार. आईला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. एप्रिलच्या आसपास आले असतील तर दाजियाच्या माझू देवीची पालखी बघाच, नऊ दिवस, तीनशेहून जास्त किलोमीटर, लाखो लोक चालतात, गावोगावचे लोक फुकट जेवण-पाणी घेऊन रस्त्यात उभे, पालखीखालून जायला लोक रस्त्यात ओळीनं आडवे होतात. आषाढीला पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर गेलेल्या माणसाला तिथं आपलंच काही दिसतं, डोळ्यात पाणी येतं. बैतोऊला गरम पाण्यात पाय सोडून बसायची फुकट सोय आहे, साडी जरा वर घेतली की झालं. जिऊफेन गाव फोटोत सुंदर आहे पण पायऱ्याच पायऱ्या, गुडघेवाल्यांना नको.

शेतकरी वडिलांना मॉलमधे नेऊन काही उपयोग नाही. लोकलनं एक-दोन स्टेशन गेलं की भातशेती लागते, वर्षात दोन पिकं घेतात, रोप लावायची मशिन छोट्या तुकड्यातसुद्धा चालते. १९५३ ला कसेल त्याला जमीन दिली गेली त्यामुळं शेतं हेक्टरभराच्या आतबाहेरची. प्रत्येक गावात शेतकरी संघ असतो, त्याचीच बँक, त्याचंच दुकान, खत पण तिथंच. अण्णा अशा बांधावर तासभर उभे राहिले, भाताची लोंबी हातावर चोळून दाणे मोजले, पाणी कुठून येतं ते पाटाच्या कडेनं चालत जाऊन बघून आले. मी मागं मागं होते, काही बोलले नाही. घरी आल्यावर त्यांनी लातूरच्या मित्राला फोन लावून अर्धा तास तेच सांगितलं.

फोनचं पण गणित बसवा. तैवान अडीच तास पुढं आहे, तिकडं सकाळचे साडेनऊ म्हणजे लातूरला सात, त्यावेळी मावशी-काकू मोकळ्या असतात. संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर त्यांच्या हातात फोन देऊ नका, तो वेळ तुमचा. दिवसभर काय झालं ते विचारा, पार्कातली आजी आली होती का, कारलं कितीला दिलं, आणि तुमच्या ऑफिसचं पण सांगा, नुसतं "चाललंय" म्हणू नका. स्वयंपाक रोज आईवर टाकू नका, चार दिवस तिचा, तीन दिवस तुमचा किंवा बाहेरचा.

परतीच्या वेळी एअरलाईनला दोन दिवस आधी सांगून व्हीलचेअर मागवा, फुकट असते, चालता येत असलं तरी मागवा, कारण हाँगकाँग किंवा सिंगापूरला गेट बदलतं आणि बोर्ड वाचत पळावं लागतं. चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या, पहिलं विमान, कुठं उतरायचं, किती तास थांबायचं, दुसरं विमान. अननसाचे केक नेणार असाल तर काहींत चरबी असते, पाकिटावरची शाकाहारी खूण बघून घ्या. मुंबईत विमान रात्री उतरत असेल तर लातूर एक्स्प्रेसचं किंवा देवगिरीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, एक मुक्काम नातेवाइकाकडं ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीला खालचे बर्थ बघून घ्या.